सतराव्या मजल्यावरची रेंज

मामांची तक्रार एका वाक्यात मावते: टॉवर खिडकीतून दिसतो, फोनवर रेंज फुल असते, आणि फोन लागत नाही. परळच्या चाळीत तळमजल्यावर होते तोवर त्यांना हा त्रास नव्हता. पुनर्विकासात त्याच जागेवर बावीस मजली इमारत उभी राहिली, मामांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं, आणि तेव्हापासून ‘हॅलो, आवाज येतोय का’च्या पुढे बोलणं सरकत नाही. फोनच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असतं, त्यामुळे तर ते जास्तच चिडतात.

त्यांची भाची नेमकं याच क्षेत्रात काम करते. गाडीत क्लॅम्पला लावलेले फोन, लॅपटॉप आणि जीपीएस घेऊन ती शहरभर फिरते. फोन एकामागून एक कॉल लावत राहतात, डेटा खेचत राहतात, आणि कुठे सिग्नल किती आला, कुठला सेक्टर, म्हणजे टॉवरवरचा कुठल्या दिशेचा अँटेना, पकडला, कॉल कुठे तुटला याची नोंद होत जाते. ही ड्राइव्ह टेस्ट. त्या नोंदींवरून कुठल्या अँटेनाचा टिल्ट, म्हणजे झुकाव, बदलायचा, कुठे नवी साईट मागायची हे ठरतं. मामा एमटीएनएलमध्ये केबल जोडायचे. २०२०च्या जानेवारीअखेर हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. दोघंही टेलिफोनचीच माणसं, पण या तक्रारीवर त्यांचं जमत नाही. त्यांचा वाद मामा-भाचीपुरता नाही, म्हणूनच तो इथे मांडावासा वाटला. नेटवर्क सुधारलं की नाही हे शहरात कुठे उभं राहून मोजायचं आणि त्याचा जाब कुणी द्यायचा, हा त्यातला मुद्दा आहे.

“आधी दांड्यांवर विश्वास ठेवणं सोड, मामा,” भाची म्हणाली. “किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्याला कुठलंही एक प्रमाण नाही.”

तिने दिलेला दाखला जुना असला तरी पक्का आहे. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की रेंज पडते अशी ओरड झाली. तेव्हा ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं, की दांड्या मोजायचं आपलं सूत्रच चुकीचं आहे आणि कित्येकदा फोन असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवतो. मग सॉफ्टवेअर बदलून दांड्यांचा हिशेब नव्याने बसवला गेला. ज्या चिन्हाकडे बघून जगभरचे लोक रेंज आहे की नाही हे ठरवतात, ते एका सॉफ्टवेअरच्या बदलाने खालीवर होऊ शकतं.

खरा आकडा फोनच्या आत असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथून ‘सिम स्टेटस’मध्ये गेलं की बहुतेक फोनांत सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* असा नंबर फिरवला की फील्ड टेस्टचं पान उघडतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८०च्या आसपास सिग्नल उत्तम मानतात, उणे १००ला काम चालतं, उणे १२०ला जवळजवळ काही उरत नाही. दहा डीबीने सिग्नल दहापट घटतो, म्हणजे उणे ७० आणि उणे १०० यांत हजारपटीचा फरक. उणे १०० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा एक हजार कोटीवा भाग. इतक्या क्षीण लहरीवरून फोन माणसाचा आवाज उभा करतो. मामांनी हे ऐकून मान डोलावली. तांब्याच्या तारेत सिग्नल किती डीबीने पडतो हे त्यांनी आयुष्यभर मोजलं होतं.

“मग माझ्या घरात मोज,” ते म्हणाले.

भाचीने फोनवरचं मोजणीचं ॲप उघडलं आणि आधी हॉलच्या खिडकीशी गेली. सिग्नल उणे ७९. कुणीही उत्तम म्हणावा असा. पण त्याच्या खालचा आकडा तिने बोट ठेवून दाखवला. आलेल्या सिग्नलमध्ये कामाचा भाग किती आणि आजूबाजूच्या टॉवरांचा गोंगाट किती, हे तो आकडा सांगतो. तो उणे ३ होता, म्हणजे गोंगाट कामाच्या सिग्नलपेक्षा मोठा. फोनने पकडलेल्या सेक्टरचा, म्हणजे सेलचा, क्रमांक तर ती बघत असताना दोनदा बदलला. मग ती आत स्वयंपाकघरात, ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. सिग्नल उणे ९६पर्यंत घसरला आणि फुल असलेल्या दांड्या दोनवर आल्या. गोंगाटाचा आकडा मात्र अधिक ९ झाला. तिथून तिने आईला फोन लावला. फोन लागला आणि स्वच्छ लागला.

“दांड्या कमी झाल्या तिथे फोन लागतो?” मामींनी विचारलं.

“हो, कारण मधल्या भिंतींनी बाकीचे टॉवर अडवले. एकच उरला.”

कारण इमारतीच्या उंचीत आहे. परळ-लालबागमधल्या बऱ्याच अँटेना जुन्या सहा-सात मजली इमारतींच्या गच्च्यांवर बसवलेल्या आहेत आणि त्या रस्त्याकडे थोड्या झुकवलेल्या असतात, कारण त्या बसवल्या तेव्हा माणसं खाली होती. सतरावा मजला त्या झोताच्या वर राहतो. आणि इतक्या उंचीवर मध्ये आडवं काही येत नसल्यामुळे एक-दोन किलोमीटरवरचे टॉवरही थेट पोचतात. ४जीमध्ये एका कंपनीचे शेजारचे सेक्टर साधारण एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत चार मंडळांचे स्पीकर एकाच चौकात आले की कुठलंच गाणं कळत नाही, तशी त्या खिडकीत फोनची गत होते. तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि एखादी उडी चुकली की कॉल तुटतो.

मामांना हे सगळं पटलं, आणि त्यातूनच त्यांचा खरा प्रश्न निघाला. “तुझी गाडी तर डॉक्टर आंबेडकर रोडवरून गेली. तिथे तुला सगळं हिरवं दिसलं असणार. मग मी तुझ्या नकाशात आहे कुठे?”

“फोन स्वतःही टॉवरला मोजमाप पाठवत असतात, मामा. ते कंपनीला दिसतं.”

“त्यात मजला दिसतो?”

“सहसा नाही.”

इथे मामांचं म्हणणं खरं मानावं लागतं. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायसुद्धा शहरांत अशाच गाड्या फिरवून स्वतंत्र चाचण्या घेतं आणि निकाल जाहीर करतं. त्यात काही जागी चालत वा थांबून केलेली मोजणीही असते. हे काम गरजेचं आहे, त्याशिवाय कंपन्यांच्या दाव्यांना बाहेरचं मोजमाप मिळणार नाही. पण मुंबई वर वाढते आहे. परळ, लालबाग, वरळी, नायगाव इथल्या चाळी जाऊन तिथे मनोरे उभे राहताहेत. माणसं फोन सर्वांत जास्त वापरतात ती घरात आणि ऑफिसात, आणि मोजणी मुख्यतः रस्त्यावर होते. रस्त्याच्या पातळीवर हिरवा दिसणारा नकाशा त्याच रस्त्यावरच्या सतराव्या मजल्याबद्दल काहीच सांगत नाही.

“मग हे अपग्रेड कुणासाठी?” मामांनी पुढचा मुद्दा काढला. “देशात ३जी पहिल्यांदा आणलं ते आमच्या एमटीएनएलने, २००८च्या डिसेंबरात दिल्लीत आणि पुढच्या वर्षी मुंबईत. खासगी कंपन्यांचा लिलाव २०१०चा. दहा वर्षं झाली नाहीत तोच ३जी बंद करायला सुरुवात. आता ४जी, ५जी. प्रत्येक वेळी फोन नवा घ्यायचा, सिम बदलायचं, आणि बोलणं मात्र आहे तिथेच.”

भाची या मुद्द्यावर मागे हटली नाही. ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला तेव्हा देशातली मोबाईलसेवा सुरू झाली. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत आणि माणसं मिनिटं मोजून बोलत. आज त्याच हवेतून लोक सिनेमे बघतात. हवा वाढत नाही. लिलावात मिळालेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा तेवढाच राहतो. त्यात जास्त माणसं बसवायची तर त्याच पट्ट्यात जास्त डेटा नेणारं तंत्र आणावं लागतं, म्हणजेच अपग्रेड. २जी-३जीच्या कामी असलेला ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा ४जीकडे वळवला की त्याचा फायदा घरात होतो, कारण ती लांब लहर भिंतींतून जास्त आत शिरते. ५जीचं मुख्य काम चालतं ते ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यात जागा भरपूर, पण लहर जेमतेम नऊ सेंटिमीटरची आणि भिंतीपुढे लवकर हार मानणारी. काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असेल, तर खिडकी बंद करताच आकडा पडतो.

“आणि तुझ्या फोनवर ५जी लिहिलेलं असतं ना, ते डेटाचं. बहुतेक वेळा कॉल ४जीवरच होतो,” ती म्हणाली. “तुझं दुखणं ५जीचं नाही, वरच्या मजल्याला स्वतःचा सेक्टर नाही याचं आहे. आणि तो का नाही, ते तुला ठाऊक आहे.”

मामांना ठाऊक होतं. नव्या सोसायटीच्या सभेत गच्चीवर अँटेना बसवायचा प्रस्ताव आला होता आणि तो नामंजूर करणाऱ्यांत मामाही होते. किरणांची भीती हे कारण होतं.

ही भीती मुंबईत रुजलेली आहे आणि तिला हसून उडवून लावणं योग्य नाही. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरांच्या किरणोत्सर्गाविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. अभिनेत्री जूही चावला यांनी मलबार हिलवरच्या सह्याद्री अतिथीगृहावरच्या अँटेनांबद्दल तक्रार केली आणि २०२१ साली ५जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. हे सगळं मामांनी वाचलेलं होतं.

पण भाचीने पुढे जे सांगितलं तेही तितकंच नोंदलेलं आहे. भारताने २०१२च्या सप्टेंबरपासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेला मोठा आढावा मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही असं सांगतो. आणि कानाला लावलेला फोन शरीराच्या सर्वांत जवळ असतो. टॉवर लांब आणि सिग्नल कमजोर असला की तोच फोन जोर वाढवतो, ४जीवर २०० मिलिवॅटपर्यंत. जवळ चांगला टॉवर असेल तर त्याला तेवढा जोर लावावा लागत नाही.

“मग मला मोजून दाखवा की!” मामा म्हणाले.

“दाखवतात. तरंग संचार नावाचं सरकारी पोर्टल २०१७पासून आहे. टॉवर नियमात आहे का ते त्यावर बघता येतं. घरी येऊन मोजायला सांगता येतं.”

“फुकट?”

“नाही. चार हजार रुपये भरावे लागतात.”

मामा काही बोलले नाहीत, पण हा मुद्दा सोडण्यासारखा नाही. लोकांची भीती घालवायची असेल तर मोजणीचा खर्च भीती वाटणाऱ्याच्या माथी मारू नये. टॉवर उभारणाऱ्या कंपनीने सोसायटीच्या सभेत मीटर घेऊन यावं, मुलांच्या खोलीत आणि गच्चीच्या खालच्या मजल्यावर सगळ्यांसमोर आकडा दाखवावा. असं झालं असतं तर कित्येक ठराव वेगळे झाले असते. त्याऐवजी माहितीपत्रक वाटलं जातं, आणि सोसायट्या एकीकडे टॉवर नाकारतात, दुसरीकडे रेंज नाही म्हणून तक्रार करतात. या बाबतीत भाचीची बाजू खरी आहे: अँटेनाला कुठेतरी जागा हवीच.

जागा मिळाली नाही की लोक आडवाटेने जातात. मामांच्या शेजारच्या विंगेत कुणीतरी बूस्टर बसवला आहे. अशी पेटी बाजारात मिळते. एक अँटेना खिडकीबाहेर, एक घरात. परवानगीशिवाय ती लावणं बेकायदा आहे, आणि त्यामागे कारण आहे. तो बूस्टर घरातला सिग्नल वाढवताना टॉवरच्या कानाशी सतत गोंगाटही करत राहतो आणि त्या सेक्टरवरच्या बाकी सगळ्यांचे कॉल बिघडवतो. भाचीच्या कामात अशा पेट्या शोधायला हातात अँटेना धरून गल्लीबोळ पायी धुंडाळावे लागतात.

“मग वाय-फाय कॉलिंग वापर,” तिने शेवटी सुचवलं. २०१९च्या अखेरीपासून ही सोय आपल्याकडे आली. घरच्या वाय-फायवरून नेहमीचाच कॉल होतो.

“म्हणजे रेंज तुम्ही द्यायची नाही, आणि तिची भरपाई म्हणून ब्रॉडबँड मी घ्यायचा? रिचार्जही मीच करायचा?”

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि या लेखाकडेही नाही. वाय-फाय कॉलिंग अडल्यावेळी उपयोगी आहे, पण ज्याच्या घरी ब्रॉडबँड परवडत नाही त्याचं काय? आणि ही गरज आता नुसत्या बोलण्याची राहिलेली नाही. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला द्यायचा कोड, यूपीआय, लोकलचं तिकीट, सगळं रेंजवर टांगलेलं आहे. मुंबईने हे मेट्रो ३मध्ये अनुभवलं. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची, जवळजवळ सगळी जमिनीखालची मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली, पण पहिल्या टप्प्यापासून प्रवाशांची तक्रार एकच होती: खाली उतरलं की फोन मुका. भुयारात नेटवर्क पोचवणं अवघड नाही, त्याचं तंत्र जुनं आहे. अडलं होतं ते व्यवहारात. मेट्रो महामंडळाने आतलं जाळं टाकायला एक त्रयस्थ कंपनी नेमली, तिच्या अटी आणि दर टेलिकॉम कंपन्यांना मान्य झाले नाहीत, आणि दोन्ही बाजूंच्या पत्रापत्रीत प्रवासी रांगेत क्यूआर कोड उघडत उभे राहिले.

“आमच्या वेळी १९८ फिरवलं की तक्रारीला नंबर मिळायचा,” मामा म्हणाले. “उशीर व्हायचा, लोक शिव्याही द्यायचे, पण कुठली जोडी, कुठला पिलर, कुणाकडे काम आहे, हे कागदावर असायचं. लाइनमन दारात यायचा. आता दारात कोण येतं?”

ही हळहळ वाटली, तरी तिच्यात नियमांची एक मोठी फट पकडली गेली आहे. ट्रायने ऑक्टोबर २०१५मध्ये तुटलेल्या प्रत्येक कॉलला एक रुपया, दिवसाला फार तर तीन, अशी भरपाई लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये तो नियम रद्द केला. १ ऑक्टोबर २०२४पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम आले. त्यांनी कंपन्यांना २जी, ४जी, ५जी कुठे मिळतं याचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले, आणि सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला सूट वा वाढीव मुदत द्यायची तरतूद केली. पण सेवा बंद आहे की नाही हे मोजायचं जिल्ह्याच्या पातळीवर. एका इमारतीचे वरचे सहा मजले वर्षभर मुके राहिले तरी जिल्हा चालूच असतो. कॉल तुटण्याच्या सरासरीतही ते सहा मजले विरघळून जातात.

भाचीने हे नाकारलं नाही. “म्हणून तर तक्रार आकड्यांनी कर,” ती म्हणाली. “‘रेंज नाही’ लिहिलंस की उत्तर येतं, फोन बंद करून चालू करा. मजला, खोली, वेळ, सिग्नल, गोंगाटाचा आकडा, सेलचा क्रमांक, स्क्रीनशॉट हे सगळं लिहिलंस की ती तक्रार माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर येते.”

समाधान झालं नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पण २०२२च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने टेलिकॉमच्या ग्राहकालाही ग्राहक मंचाचं दार उघडं आहे असं स्पष्ट केलं. तिथे मोजलेल्या आकड्यांच्या नोंदी नुसत्या नाराजीपेक्षा नक्कीच जास्त कामाच्या.

नव्या इमारतींसाठी आणखी एक वाट निघाली आहे. ट्रायने २५ ऑक्टोबर २०२४ला इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देण्याचे नियम काढले. पाणी, वीज, लिफ्ट जसं आराखड्यातच येतं तसं आतल्या अँटेनांचं आणि फायबरचं जाळंही बिल्डरने आधीच धरावं, हा त्यामागचा विचार. तो ऐच्छिक आहे हीच त्याची उणीव. पुनर्विकासाच्या करारात चाळकरी चौरस फूट, कॉर्पस आणि पार्किंग यांवर वर्षानुवर्षं भांडतात. आपल्याच मजल्यावर फोन लागेल का, हे कलम मात्र त्यात क्वचितच असतं.

मामांच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत आता दोन विषय येणार आहेत. पहिला भाचीने लिहून दिला: गच्चीवर अँटेनाचा प्रस्ताव पुन्हा घ्यावा, कंपनीने मान्यता मागण्याआधी सभासदांसमोर मोजणी करावी, आणि एक सेक्टर वरच्या मजल्यांकडे वळवावा. दुसरा मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला: जिने आणि लिफ्टच्या डक्टमधून आतली केबल टाकायचा खर्च बिल्डरने आणि कंपनीने मिळून करावा, सभासदांच्या वर्गणीतून नाही. भाचीच्या मते दुसऱ्याला वर्ष जाईल, पहिला तीन महिन्यांत होऊ शकतो. मामांच्या मते पहिला मंजूर झाला की दुसरा कुणी विचारणारच नाही. त्यांनी सचिवांना दोन्ही विषय एकाच क्रमांकाखाली घ्यायला सांगितलं आहे.